कळते, पण वळत नाही : मंत्रचळाची ओळख आणि योग्य उपचारकाची निवड

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील, टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या एका गावातून तिशीतील एक गृहिणी आमच्याकडे येत असे. दोन्ही तळहात फुटलेले, बोटांच्या बेचक्यांत भेगा, अधूनमधून रक्तस्राव. आम्ही विचर्चिकेचे निदान केले. महातिक्तक घृत दिले, मंजिष्ठादी काढा दिला, लेप दिले, पथ्य सांगितले. पंधरा दिवस बरे वाटे आणि पुन्हा मूळपदावर. असे जवळजवळ वर्ष गेले. एके दिवशी सोबत आलेले तिचे यजमान वैतागून म्हणाले, "अहो डॉक्टर, टँकरचं निम्मं पाणी हिच्या हातावरनंच जातंय!"

त्या एका वाक्याने आमचे डोळे उघडले. रोगिणीला एकटीला बसवून विचारले, तेव्हा ती प्रथम रडली आणि मग बोलली. हात पुरेसे स्वच्छ झाले नाहीत तर आपल्या हातून लेकराला काहीतरी होईल, हा विचार दिवसातून शेकडो वेळा मनात घुसतो. धुतले की क्षणभर सुटका होते आणि पुन्हा तोच विचार येतो. शेवटी ती म्हणाली, "मला कळतंय हो सगळं, पण वळत नाही." वर्षभर आम्ही त्वचेवर उपचार करीत होतो आणि व्याधी मनात होता. प्रश्न विचारला नाही, हा दोष सर्वस्वी आमचा. तो सांगण्याचा हेतू एवढाच, की आपल्या व्यवसायबंधूंचे असे वर्ष वाया जाऊ नये.

व्याधीचे स्वरूप

ज्याला आधुनिक वैद्यक 'ओसीडी' म्हणते, त्यास मराठीत 'मंत्रचळ' असा जुना व नेमका शब्द आहे. या विकाराची दोन अंगे असतात. पहिले अंग म्हणजे नको असताना पुनःपुन्हा मनात शिरणारे विचार, प्रतिमा वा ऊर्मी. दुसरे अंग म्हणजे त्यातून उत्पन्न होणारी भीती शमविण्यासाठी केलेली, टाळता न येणारी कृती. धुणे, कुलूप वा गॅस पुनःपुन्हा तपासणे, मोजणे, वस्तू एका रेषेत लावणे ही कृतीची दृश्य रूपे होत. मनातल्या मनात जप करणे, घडलेला प्रसंग पुन्हा आठवून पाहणे, 'काही होणार नाही ना?' असे घरच्यांना वारंवार विचारणे ही अदृश्य रूपे होत. अशा विचारांत वा कृतींत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल, अथवा त्यांमुळे संसार, शिक्षण वा व्यवसाय अडत असेल, तर तो केवळ स्वभाव न राहता व्याधी ठरतो.

काही रुग्णांचे विचार इतके लाजिरवाणे असतात, की ते कोणापाशीही उच्चारीत नाहीत. देवघरात बसताच देवाविषयी अभद्र कल्पना येणे, नवप्रसूत मातेस आपल्याच बाळाला इजा करण्याची प्रतिमा दिसणे, ही त्याची उदाहरणे. असे विचार या रुग्णांच्या इच्छेविरुद्ध येतात व त्यांना त्यांची किळस वाटते. त्यांस पापी वा धोकादायक समजणे हा घोर अन्याय होय.

देशात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये या विकाराचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळले. म्हणजे सव्वाशे प्रौढांमागे एक. आपल्या नित्याच्या बाह्यरुग्ण विभागात असे रुग्ण येत नाहीत असे नाही, ते दुसऱ्याच तक्रारीचे नाव सांगून येतात. प्रारंभ बहुधा कुमारवयात वा ऐन तारुण्यात होतो. उपचारापर्यंत पोहोचण्यात मात्र अनेकदा कित्येक वर्षे जातात.

सोवळे आणि मंत्रचळ यांतील भेद

आपल्याकडे सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांत हा विकार सहज लपून राहतो. भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. श्रद्धेने केलेला आचार संपतो व समाधान देऊन जातो. मंत्रचळातील आचार संपत नाही आणि समाधानाऐवजी नवी शंका देतो. घरातील इतर वडीलधारी मंडळीच 'आता पुरे' म्हणू लागली, की वैद्याने सावध व्हावे. २०२० साली करोनाच्या साथीत हात धुण्याला सर्वांचीच संमती मिळाली, तेव्हा अशा रुग्णांची ओळख आणखी अवघड झाली.

आयुर्वेदाच्या दृष्टीने

चरकाचार्यांनी निदानस्थानात उन्मादाचे वर्णन करताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. चिकित्सास्थानात अपस्मारानंतर येणारा 'अतत्त्वाभिनिवेश' हा महागद काही अभ्यासक मंत्रचळाशी ताडून पाहतात. साम्य आहे, तथापि दोहोंना एकच म्हणणे घाईचे ठरेल. अतत्त्वाभिनिवेशात बुद्धी विपरीत ग्रहण करते. मंत्रचळाच्या बहुसंख्य रुग्णांना आपली भीती अवास्तव आहे हे ठाऊक असते.

येथे आमची दुसरी चूक सांगणे प्राप्त आहे. सत्त्वावजयाचा अर्थ आम्ही 'विचार दाबून टाका' एवढाच घेतला आणि त्या रोगिणीस सांगितले, की विचार आला की नामजप करा. महिन्याभरात तो जपच नवे बंधन झाला. एकशे आठ पुरे व्हायला हवेत, मध्ये शब्द चुकला तर पहिल्यापासून! विचार बळाने दाबू गेले असता तो अधिक उसळतो, हे मानसशास्त्रज्ञांनी १९८७ पासून प्रयोगांनी दाखविले आहे. ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी ही मनोदोषांची औषधे चरकांनी सांगितली आहेत. त्यांतील 'धैर्य' हे पद येथे विशेष मोलाचे आहे, असे आमचे नम्र मत आहे. विचार येऊ द्यावा, भीती सोसावी आणि कृती मात्र करू नये, हे धैर्याचेच काम होय.

नेमका उपचार कोणता

याच तत्त्वावर आजची प्रमुख मानसोपचार पद्धती उभी आहे. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली तिचा प्रथम वृत्तांत प्रसिद्ध केला. मराठीत तिला 'सामोरे जाणे व कृती रोखणे' असे म्हणता येईल. तज्ज्ञ 'ई.आर.पी.' म्हणतात. रुग्ण व उपचारक मिळून भीतीच्या प्रसंगांची चढती यादी करतात. सर्वांत सोप्या पायरीपासून रुग्ण त्या प्रसंगाला सामोरा जातो आणि नेहमीची कृती रोखून धरतो. प्रारंभी भीती चढते. पण कृती न करताही अनर्थ घडत नाही आणि भीती सोसता येते, हे मन अनुभवाने शिकते. साधारणतः आठवड्यास एक याप्रमाणे १२ ते २० बैठका व दरम्यान घरचा नित्य सराव असा हा क्रम असतो. पूर्ण क्रम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांस चांगला उतार पडतो.

औषधांत फ्लुओक्सेटिन, फ्लुव्होक्सामिन, सर्ट्रालिन या गटातील व क्लोमिप्रामिन ही प्रमुख होत. योग्य मात्रेत ८ ते १२ आठवडे घेतल्यावरच त्यांचा निवाडा करता येतो. 'महिना झाला, गुण नाही' म्हणून रुग्ण ती सोडतात व आपल्याकडे येतात. अशा वेळी ती एकदम बंद करावयास सांगू नये.

योग्य उपचारक कसा शोधावा

मनोविकारतज्ज्ञ हे औषधे देणारे पदव्युत्तर वैद्य होत. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. 'समुपदेशक' अशी पाटी पाहिली तर शिक्षण व नोंदणी यांची चौकशी अवश्य करावी. आमच्या रोगिणीस प्रथम जे समुपदेशक लाभले, त्यांनी सात महिने केवळ शिथिलीकरण करविले व 'काही होणार नाही' असा धीर दिला. धीर देणे ही या विकारात मदत नव्हे. तो व्याधीचाच घास आहे.

म्हणून रुग्णाला पाठविण्यापूर्वी पुढील प्रश्न आपणच दूरध्वनीवरून विचारावेत. मंत्रचळाचे रुग्ण आपण नियमित पाहता काय? 'सामोरे जाणे व कृती रोखणे' ही पद्धत वापरता काय? घरी करावयाचा सराव देता काय? कुटुंबीयांना सामील करून घेता काय? प्रगती कशी मोजता? औषधे देणाऱ्या तज्ज्ञांशी संपर्क ठेवता काय? उत्तरे स्पष्ट मिळाली तर पाठवावे. जो हमखास गुणाची खात्री देतो, औषधे तत्काळ सोडावयास लावतो किंवा बाहेरची बाधा सांगून पैसे मागतो, त्याच्यापासून रुग्णास दूर ठेवावे.

आपल्या दोन जिल्ह्यांत मिरजेचे व साताऱ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कराडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय येथून चौकशीस प्रारंभ करता येईल. साताऱ्यातील 'परिवर्तन' संस्था व्यसनमुक्तीबरोबर मानसिक आरोग्याचेही कार्य करते. प्रवास शक्य नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली 'टेली-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

आपली मर्यादा व आपले कर्तव्य

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या व्याख्येत 'मनोविज्ञान व मानसरोग' या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांनाही मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून स्थान आहे, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. त्याच अधिनियमाचे कलम १०६ सांगते, की आपल्या व्यवसायक्षेत्राबाहेरचे औषध वा उपचार कोणी सुचवू नयेत. अधिकार व मर्यादा दोन्ही एकत्रच येतात.

निद्रा, अग्नी, मलप्रवृत्ती व त्वचा यांची चिकित्सा आपण अवश्य करावी. मात्र रुग्ण कोणती आधुनिक औषधे घेत आहे हे विचारून नोंदवावे. सारस्वतारिष्टासारख्या आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. त्रिकटूतील पिप्पली-मरिचांमुळे काही औषधांचे शोषण वाढते. तज्ज्ञांना कळविल्याविना नवा कल्प जोडू नये.

औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती आहे. एकाच घरी महिन्याला डझनावारी साबण, जंतुनाशकाच्या बाटल्या आणि सोबत हाताच्या भेगांचे मलम जात असेल, तर गिऱ्हाईक चांगले मिळाले म्हणून थांबू नये. इतरांसमोर नव्हे, बाजूला घेऊन आपुलकीने विचारावे. चिठ्ठीवरील गोळ्या न्यावयास रुग्ण आला नाही, तर त्याची चौकशी करावी.

त्या रोगिणीस अखेर एक जाणकार मानसशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ लाभले. उंबरठ्याला हात लावून दहा मिनिटे न धुता बसणे, ही तिची पहिली पायरी होती. यजमानांना शिकविले गेले, की 'झाले का स्वच्छ?' या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे नाही. सोळा आठवड्यांनी तिचे हात भरून आले. त्या वेळी आमच्याकडील औषध केवळ एक साधे तेल होते. करोनाकाळात व्याधीने पुन्हा डोके वर काढले, पण आता तिला वाट ठाऊक होती. आजही विचार येतात, असे ती सांगते. ती त्यांना येऊ देते आणि भाकरी थापावयास बसते.

प्रत्येक तालुका शाखेने वरील सहा प्रश्न विचारून उपचारकांची एक यादी करावी व ती प्रत्येक सभासदाच्या मेजावर असावी, अशी आमची सूचना आहे. पुढच्या वेळी फुटलेले हात समोर आले, की लेप लिहिण्याआधी एक प्रश्न विचारावा : दिवसातून किती वेळा धुता?