तिथी आणि तारीख

देवळाली म्हटले की मुंबईकरांना नाशिकजवळची छावणी आठवते. माझ्या आत्याचे गाव ते नव्हे; ते राहुरी तालुक्यातले देवळाली प्रवरा. २०२५ च्या दिवाळीत तिथे गेलो असता, पाडव्याच्या सकाळी दूध घालणाऱ्या मावशी ओसरीवर टेकल्या.

"भाऊ, एक अर्ज लिहून द्या."

चोरीच्या संशयावरून त्यांच्या मुलाला एका पोलीस ठाण्यात दोन रात्री डांबले, मारले आणि सोडून दिले. चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभे करावे, हा राज्यघटनेचा दंडक. पण इथे साधी नोंददेखील नव्हती.

"मारणारे तेच, लिहून घेणारे तेच. मग जावं कुठं?"

याच प्रश्नासाठी १९९३ साली मानवी हक्क संरक्षण कायदा झाला. महाराष्ट्राचा राज्य मानवी हक्क आयोग २००१ पासून मुंबईत काम करतो. अर्जाला फी नाही, वकिलाची गरज नाही. साक्षीदार बोलावणे, शपथेवर जबाब घेणे, कागद मागवणे, हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला आहेत.

"मग शिक्षा होईल ना रे त्यांना?" आत्याने विचारले.

खरे ते सांगणे भाग होते. आयोग शिक्षा देत नाही. दोष आढळल्यास भरपाईची, खटला भरण्याची शिफारस तो सरकारला करतो आणि सरकारने महिन्याभरात आपले म्हणणे कळवायचे असते.

"म्हणजे नुसतं सांगायचंच!"

"होय. पण आत्या, आजवर त्यांना कुणी विचारलंदेखील नाही."

एक अट मात्र कडक होती. घटनेला वर्ष उलटले की आयोगाला चौकशी करता येत नाही. मावशींचा चेहरा उतरला. "मागल्या धनत्रयोदशीला नेलं होतं. धनत्रयोदशी तर झाली परवा!"

मी भिंतीवरचे जुने कॅलेंडर उतरवले. गेल्या सालची धनत्रयोदशी होती २९ ऑक्टोबरला. आज होती २२. तिथी सरली होती, तारीख सरली नव्हती. सात दिवस हाती होते!

मुलगा सही करायला धजेना. पीडिताच्या वतीने दुसऱ्यालाही तक्रार करता येते. मावशींनीच एकेक अक्षर जोडत सही केली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अर्ज स्पीड पोस्टाने रवाना झाला. पोचपावती त्यांनी पदराच्या गाठीत बांधली.

चौकशीत काय निघेल ते निघो. पण वाचकहो, असा प्रसंग कुणावर आलाच, तर त्या दिवशीची तारीख तेवढी लिहून ठेवा.