कमरेवरचा न भरणारा व्रण

त्वचेचा कर्करोग हा जगभर मुख्यतः उन्हाचा आजार मानला जातो. अतिनील किरणांनी पेशींतल्या डीएनएला इजा होते, ती वर्षानुवर्षे साठत जाते आणि गोऱ्या लोकांच्या नाकावर, कानावर, गालावर गाठ उठते. सावळ्या त्वचेतले मेलॅनिन ही किरणे बरीचशी शोषून घेते. त्यामुळे बीदर जिल्ह्यातल्या मेहकर-भालकीच्या शिवारात जन्मभर तूर-सोयाबीनमध्ये राबणाऱ्यांना हा रोग कमी होतो. मात्र होतो तेव्हा पुष्कळदा ऊन न लागणाऱ्या जागीच होतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली ‘धोतराचा कर्करोग’ नोंदवला. धोतर रोज एकाच जागी करकचून आवळले, की घाम आणि घर्षणाने कमरेची कातडी आधी काळवंडते किंवा पांढरी पडते, मग जाड होते. अनेक वर्षांनी एखाद्याला तिथे व्रण होतो. परकराच्या बारीक नाडीने बायकांनाही हेच होते. नाडीऐवजी रुंद पट्टा वापरणे आणि बांधण्याची जागा बदलणे, एवढा साधा उपाय आहे. भाजल्याच्या जुन्या वणावर चिघळणारी जखम आणि तळपायावर किंवा नखाखाली पसरणारा काळा डागही संशयास्पदच. महिनाभरात न भरणाऱ्या जखमेला मलमपट्टी करत बसणे ही सर्वांत महागात पडणारी चूक.

आधी छोटा तुकडा काढून तपासतात. कर्करोग ठरल्यास, गाठ लहान असेल तर फक्त ती जागा बधिर करून, भोवतीच्या चार ते सहा मिलिमीटर निरोगी कातडीसह ती काढतात. काढलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसल्या, तरच काम पुरे झाले. मोठ्या जखमेवर मांडीची कातडी लावतात. गाठ वेळेत काढली तर रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. व्रण खोल गेला असेल तर काखेतल्या-जांघेतल्या लसीका ग्रंथीही तपासाव्या लागतात. बीदर भागातल्या रुग्णांसाठी किदवई कर्करोग संस्थेचे केंद्र कलबुर्गीत आहे.

उन्हापासून सर्वाधिक जपायला हवे ते जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांना. लोक त्यांना कोड झाले असे समजतात. पण कोड हा वेगळा विकार. रंगद्रव्य नसलेल्यांच्या कातडीला मेलॅनिनचे कवचच नसते, म्हणून तरुणपणीच कर्करोग होऊ शकतो. सकाळी दहा ते दुपारी चार सावली, पूर्ण बाह्या, एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन दर दोन तासांनी, हे त्यांना लहानपणापासून हवे. गांधी टोपीने नाक-कान झाकले जात नाहीत. रुंद काठाची टोपी किंवा कानांवरून घेतलेला रुमाल बरा.