‘इंजेक्शनचा मासा’: गिऱ्हाइकाला काय सांगावे?

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वसाहतीत रोहू-कटला विकणाऱ्या बांधवाला गिऱ्हाइकाने विचारले, “हा इंजेक्शनचा मासा ना?” तर नेमके उत्तर हवे. ते उत्तर माशाच्या डोक्यात आहे.

मेंदूच्या खाली, कवटीच्या खळगीत पीयूष ग्रंथी असते. किलो-दोन किलोच्या रोहूत ती ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असते. पण वाढीचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तिच्यातूनच रक्तात उतरते आणि अंडी सोडण्याचा हुकूमही तीच देते. थायरॉइडचा कारभारही तिच्याच ताब्यात. बहुतेक माशांत थायरॉइड एकसंध नसून गळ्याखाली विखुरलेली असते. पिल्लाची घडण तिच्यावर पुष्कळशी अवलंबून असते.

रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात वाहत्या नदीत अंडी घालतात. तळ्यात अंडी तयार होतात, पण ग्रंथीचा शेवटचा हुकूम सुटत नाही. म्हणून पूर्वी बीज नदीतून गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या जातीही येत. १९५७ च्या जुलैत ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी व सहकाऱ्यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात अंडी मिळवली. तेव्हापासून बाजारातल्या माशांच्या डोक्यातील ग्रंथीलाही मोल आले. आता बहुधा तयार कृत्रिम औषध वापरतात. एकच इंजेक्शन पुरते.

म्हणजे इंजेक्शन बीजकेंद्रातल्या नर-मादीला दिले जाते. ताटात येते ती त्यांची पिल्ले, महिनोन्महिने तळ्यात वाढलेली. तिलापियाचे मात्र वेगळे आहे. सगळे नर व्हावेत म्हणून काही ठिकाणी कोवळ्या पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे खाद्यातून संप्रेरक देतात. दोन्हींची सरमिसळ करू नये. खरे सांगून केलेल्या व्यापारातच बरकत आहे.

तळे घेऊन मत्स्यपालनात उतरणाऱ्यांना आमचे सांगणे वेगळे. इंजेक्शनने बीज सोपे झाले, तशी हयगयही सोपी झाली. वर्षानुवर्षे एकाच घराण्यातील नर-मादी वापरल्या की पिल्ले खुरटतात. खाद्याचा खर्च तेवढाच, वजन कमी. बीज घेताना नर-मादी कुठून आणल्या, कधी बदलल्या, हे विचारा. शंका असल्यास वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था इथून फार लांब नाही. बोटुकली स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, तिचे आईबाप पाहून घ्या.