एकाच आयुष्यात तीन वंश

१९१२च्या सुमारास कोवळ्या वयात पंजाबातून कॅलिफोर्नियात मजुरीला गेलेला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. तो तिथेच राहिला आणि भरपूर जगला. १९३०च्या जनगणनेत सरकारी माणूस त्याच्या दारात आला आणि वंशाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'हिंदू'. तिथले बहुतेक पंजाबी शीख होते, काही मुसलमान. पण हिंदुस्थानातून आलात ना, मग तुमचा वंश हिंदू! १९७०मध्ये त्याच माणसाची मोजणी गोऱ्यांमध्ये झाली. १९८०मध्ये 'एशियन इंडियन' असा नवा रकाना निघाला आणि स्वारी तिकडे गेली. कातडी तीच, आईबाप तेच. पन्नास वर्षांत वंश मात्र तीन.

वंश जर रक्तात असेल, तर तो असा दर काही दशकांनी बदलतो कसा? याचं उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांत सापडतं. एखाद्या फार्समध्ये शोभावेत असे ते निकाल आहेत.

१७९०च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त स्वतंत्र 'गोऱ्या' माणसाला नागरिक होता येत होतं. १८७०मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ती मुभा मिळाली. पण गोरा म्हणजे नेमका कोण, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ताकाओ ओझावा जपानमध्ये जन्मलेला, कॅलिफोर्नियात शिकलेला, घरात इंग्रजी बोलणारा गृहस्थ. त्याचं म्हणणं साधं होतं: माझी कातडी गोरी आहे, मला गोरा म्हणा. १३ नोव्हेंबर १९२२ रोजी न्यायालय म्हणालं, कातडीच्या रंगावर काही ठरत नाही. गोरा म्हणजे 'कॉकेशियन' वंशाचा, आणि जपानी माणूस त्यात बसत नाही.

मग भगतसिंग थिंद पुढे आला. अमृतसरकडचा शीख, ओरेगॉनच्या लाकूड गिरण्यांत राबलेला, १९१८मध्ये पगडीसकट अमेरिकी लष्करात भरती झालेला. त्याला गणवेशातच नागरिकत्व मिळालं आणि चारच दिवसांत काढूनही घेतलं गेलं. त्याच्या बाजूने मुद्दा बिनतोड होता. त्या काळचे मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणत होते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला. लिहिणारे न्यायमूर्ती तेच, जॉर्ज सदरलँड. या वेळी ते म्हणाले, शास्त्रज्ञ काही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. नोव्हेंबरात शास्त्र प्रमाण, फेब्रुवारीत लोकांची समजूत प्रमाण. दोन्ही वेळा दार बंदच, आणि दोन्ही निकाल एकमताने!

या खटल्यात आपल्याला ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट आहे. थिंदच्या बाजूने जोर दिला गेला तो 'उच्चवर्णीय आर्य' रक्तावर. वंशाच्या दाराला जातीची किल्ली लावून पाहिली गेली. थिंद अमेरिकेत पोचला त्याच १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले होते. पुढे १९३६मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी जात म्हणजे वंश ही कल्पनाच उडवून लावली. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वांशिक फरक तो कोणता, असा त्यांचा सवाल होता.

थिंदच्या निकालाची झळ अनेकांना लागली. कॅलिफोर्नियात ज्याला नागरिक होता येत नाही, त्याला शेतजमीन घेता येत नसे. आधी नागरिक झालेल्या भारतीयांचीही नागरिकत्वं रद्द होऊ लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णो दास बगाई १९२१मध्ये नागरिक झाले होते. त्यांचं नागरिकत्व गेलं, मालमत्ता विकावी लागली, मायदेशी जाऊन यायला अमेरिकेचा पासपोर्टही मिळेना. १९२८मध्ये त्यांनी आत्महत्या केली. थिंदचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही हीच पाळी आली, पण ते स्वतःचा खटला लढले आणि १९२६मध्ये जिंकले. थिंदला नागरिकत्व मिळालं ते १९३६मध्ये, माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने. सर्वच भारतीयांना ही वाट मोकळी झाली १९४६मध्ये.

मग विज्ञान काय सांगतं? १९७२मध्ये रिचर्ड लेवोंटिन या जनुकशास्त्रज्ञाने हिशेब मांडला: माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आत सापडतात. तथाकथित वंशावंशांमधला वाटा अगदी थोडा, सहा टक्क्यांच्या आसपास. पूर्वज कुठले होते हे जनुकांवरून बरंचसं कळतं. पण माणसांचे चार-पाच कप्पे करणाऱ्या रेषा तिथे आखलेल्या नाहीत.

त्या रेषा माणसांनी आखल्या, कधी कधी अक्षरशः. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल, म्हणजे 'धोकादायक'. अशा वस्त्यांत घरासाठी कर्ज मिळणं दुरापास्त झालं. घर नाही म्हणजे मुलांना देण्यासारखी मिळकत नाही, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या साचत गेलं. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या २०२२च्या पाहणीत मध्यम गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. एवढ्या मोठ्या दरीला अर्थातच इतरही कारणं आहेत, गुलामगिरीपासूनची. पण त्यातलं कुठलंही कारण जनुकांत नाही.

तेव्हा 'त्यांचं रक्तच तसं' असं कोणी म्हणालं, तर रक्तावर वाद घालत बसू नका. रकाने कोणी पाडले आणि त्या रकान्यांमुळे जमीन, कर्ज नि नागरिकत्व कोणाच्या पदरात पडलं, एवढंच विचारा.