जळमटे काढणे

जळमट म्हणजे कोळ्याने सोडून दिलेले, धूळ व काजळी बसून मळलेले जाळे. त्यास कोळिष्टक असेही म्हणतात. घराच्या आतून-बाहेरून अशी जाळी दूर करणे हा गृहस्वच्छतेचा नेहमीचा भाग आहे. महाराष्ट्रात घटस्थापना व दिवाळी यांपूर्वीच्या साफसफाईचा आरंभ बहुधा याच कामाने होतो.

निर्मिती

कोळी हा कीटक नसून आठ पायांचा संधिपाद प्राणी आहे. त्याच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथींतून प्रथिनयुक्त रेशमी धागा निघतो. बागेतील चक्राकार जाळी विणणारे अनेक कोळी जुने जाळे खाऊन नवे विणतात. घरात आढळणारे लांब पायांचे कोळी मात्र अनेकदा जुने जाळे तसेच सोडून जागा बदलतात. ताजे जाळे सहसा नजरेस येत नाही. धूळ साचल्यावरच ते दिसू लागते. चुलीच्या धुराने स्वयंपाकघरातील जळमटे काळी पडतात.

घरातील जळमटे

सामान व अंथरुणे जुन्या चादरीने झाकून, पंखे बंद करून काम सुरू करतात. डोक्याला फडके गुंडाळणे, नाक-तोंड झाकणे व डोळ्यांवर चष्मा लावणे हितावह असते. लांब वेळूला केरसुणी किंवा कुंचा बांधून आढे, छताचे कोपरे, मग भिंती आणि शेवटी जमीन असा वरून खाली क्रम ठेवतात. जाळे भिंतीवर घासल्यास काळा डाग उमटतो. म्हणून कुंचा हलकेच फिरवून ते त्याभोवती गुंडाळून घेतात. चुन्याच्या भिंतीवर ओले फडके वापरत नाहीत.

घराबाहेरील जळमटे

ओसरी, वळचण, खिडक्यांचे गज आणि दिव्यांभोवतीचा भाग येथे जाळी अधिक असतात, कारण प्रकाशाकडे येणारे किडे हे कोळ्यांचे भक्ष्य होय. अनावश्यक दिवे रात्री मालवल्यास जाळी कमी होतात. वळचणीत हात घालण्यापूर्वी गांधीलमाश्यांचे पोळे नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. विजेच्या तारांजवळ धातूचा दांडा वापरणे धोक्याचे आहे.

कोळ्यांचे संरक्षण

घरातील बहुतेक कोळी माणसास अपायकारक नसतात. उलट ते डास, माश्या व झुरळे खातात. कीटकनाशकाने कोळी मेला तरी जाळे जागेवरच राहते. त्यामुळे रिकामे जाळे काढणे आणि जिवंत कोळी पेला व जाड कागद यांच्या साहाय्याने बाहेर सोडणे इष्ट ठरते.

भाषा व संस्कृती

कालबाह्य कल्पनांना मराठीत ‘मनावरची जळमटे’ म्हणतात. ज्या केरसुणीने ती झाडली जातात, तिचीच लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लक्ष्मी म्हणून पूजा होते. त्यासाठी नवी केरसुणी आणण्याची प्रथा आहे.