तोतरेपणा आणि विजेचा सूक्ष्म प्रवाह

वर्ध्याकडील तळेगांव (श्यामजी पंत) असो कीं तळकोंकण, मूल बोलतांना अडूं लागलें कीं आजीबाई वेखंड उगाळून चाटवितात. पण दोष जिभेचा नव्हे, हें घरांतच पाहावयास मिळतें. एकट्यानें स्वतःचें नांव सांगतांना घामाघूम होणारा मुलगा चौघांबरोबर आरती म्हणतांना सहसा अडत नाहीं. जीभ तीच, दांत तेच! फरक आढळतो तो मेंदूंत, उच्चारांची जुळणी करणाऱ्या डाव्या बाजूच्या केंद्रांत व त्यांस जोडणाऱ्या तंतूंत.

या अनुभवाचाच उपयोग ऑक्सफर्ड येथील चेस्टर्स, वॉटकिन्स प्रभृति संशोधकांनीं केला. ३० तोतऱ्या पुरुषांना त्यांनीं ५ दिवस दुसऱ्याच्या बरोबरीनें व ठेक्यावर बोलावयास लाविलें. त्याच वेळीं निम्म्यांच्या डोक्यास, शस्त्रक्रियेवांचून, रोज २० मिनिटें १ मिलिअँपियरचा प्रवाह दिला. उरलेल्यांस नुसता आरंभींचा चुरचुराट. निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. आठवड्यानंतर पहिल्यांचें अडखळणें घटलें होतें; सहा आठवड्यांनीं हा गुण वाचनांत टिकला, संभाषणांत नाहीं.

खरी मेख येथेंच आहे. वधूपक्षापुढें किंवा साहेबापुढें कोणी वाचून दाखवीत नाहीं. शिवाय प्रयोगांत स्त्रिया नव्हत्या, मुलेंही नव्हतीं. तेव्हां विकत मिळणारीं यंत्रें घरीं मुलांवर मुळींच चालवूं नयेत. लहानपणींचा तोतरेपणा पुष्कळदां आपोआप जातो. न गेल्यास वर्ष उलटूं न देतां वाचोपचारतज्ज्ञ गांठावा. मुंबईस वांद्रें येथें अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. तोंवर मुलाचें वाक्य आपण पुरें करूं नये. तें त्याला करूं द्यावें.