व्हिडिओ संपला, पण समजलं का?



गटाच्या प्रशिक्षणात आपण व्याजाचा व्हिडिओ पाहतो. संपला की विचारलं जातं, "समजलं का बायांनो?" आणि सगळ्या एका सुरात म्हणतात, "हो मॅडम." आता हाच व्हिडिओ अर्ध्यात थांबवून विचारा, "शेकडा दोन रुपये महिना, तर हजार रुपयाचं वर्षाचं व्याज किती?" कोणी वीस म्हणेल, कोणी दोनशे चाळीस, कोणी शेजारणीच्या तोंडाकडं बघेल. वीस म्हणणारीला महिन्याचा हिशेब येतो, वर्षाचा येत नाही. "हो मॅडम" ऐकून हे कधीच कळलं नसतं.

आज बोलायचं आहे ते आपल्या लेकरांच्या शाळेबद्दल. पण गोष्ट हीच आहे.

आपल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत आता टीव्ही आहे. काही ठिकाणी गावानं वर्गणी करून घेतला, काही ठिकाणी ग्रामपंचायतीनं दिला. बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, तो क्यूआर कोड. मोबाइलवरच्या दीक्षा अ‍ॅपनं तो स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि स्वाध्याय उघडतात. दीक्षा २०१७ मध्ये सुरू झालं. पुस्तकात असा कोड टाकण्याचा प्रयोग करणाऱ्यांत आपल्याच महाराष्ट्रातले एक गुरुजी पुढं होते. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले. २०२० च्या डिसेंबरात त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून देईन, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं.

तर व्हिडिओ आपल्याकडं आले. पण व्हिडिओ लावला म्हणजे शिकवणं झालं, असं धरून चालण्यात धोका आहे. चित्रं हलतात, गाणं वाजतं, लेकरं गप्प बसून बघतात. बाहेरून बघणाऱ्याला वर्ग किती छान चालला आहे असं वाटतं. गप्प बसलेलं लेकरू समजून गप्प आहे की हरवून गप्प आहे, हे तोंडावरून ओळखू येत नाही. हे ओळखायला एक साधी युक्ती आहे. व्हिडिओच्या मध्येच प्रश्न टाकायचा. अशा पाठाला 'संवादी व्हिडिओ' म्हणतात.

तो चालतो असा. शिक्षिका तयार व्हिडिओ घेते, किंवा स्वतःच्या मोबाइलवर पाच मिनिटांचा बनवते. मग एडपझलसारख्या अ‍ॅपमध्ये टाकून ती ठरवते की दुसऱ्या मिनिटाला थांब आणि हा प्रश्न विचार, चौथ्या मिनिटाला थांब आणि तो विचार. लेकरू बघत असताना व्हिडिओ तिथं आपोआप थांबतो. उत्तर दिलं की पुढं सरकतो. कोणत्या प्रश्नाला किती जण चुकले, कोणी कोणता भाग परत पाहिला, हे नंतर शिक्षिकेला तिच्या मोबाइलवर तक्त्यात दिसतं.

यानं लक्षही टिकतं. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी एकवीस मिनिटांच्या पाठाचे चार तुकडे केले. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर छोटे प्रश्न विचारले, दुसऱ्याला मध्ये काही विचारलं नाही. प्रश्न विचारलेल्या गटाचं मन भरकटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं आणि शेवटच्या परीक्षेतही तो गट पुढं राहिला. ती तर कॉलेजच्या वयाची मुलं होती. आपली लेकरं आठ-नऊ वर्षांची, तेव्हा तिसरीच्या वर्गात सलग पंधरा मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे आमच्या मते फारच झालं.

आता खरी मेहनत आहे प्रश्नात. "भारताची राजधानी कोणती?" असा प्रश्न टाकला तर लेकराला माहीत आहे की नाही एवढंच कळतं. चांगल्या प्रश्नाचं चुकीचं उत्तरसुद्धा काहीतरी सांगून जातं. अपूर्णांकाचंच बघा. "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" पुष्कळ मुलं चतुर्थांश म्हणतात, कारण तीनापेक्षा चार मोठे. हा आळशीपणा नाही. लेकरानं विचार केला आहे, फक्त पूर्ण आकड्यांचा नियम चुकीच्या जागी लावला आहे. त्याला "पुन्हा पाठ कर" म्हणून काही होणार नाही. त्याच्यापुढं दोन सारख्या भाकरी ठेवा. एक तिघांत वाटा, एक चौघांत वाटा आणि विचारा, कोणाच्या वाट्याला मोठा तुकडा आला? चतुर्थांश म्हणजे काय हे त्याला तिथं कळेल, आणि भाकर वाटून खाताही येईल.

परिसर अभ्यासातला असाच एक. दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या लुगड्यातलं पाणी गेलं कुठं? एक लेकरू म्हणतं, कपड्यानं पिऊन घेतलं. दुसरं म्हणतं, सूर्यानं पिलं. तिसरं म्हणतं, वाफ होऊन हवेत गेलं. पहिल्या दोघांची समजूत वेगवेगळ्या जागी अडली आहे. दोघांना एकच औषध चालणार नाही, आणि कोण कुठं अडलं हे कळल्याशिवाय औषध देता येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण मोबाइल कुठून आणायचे? घरात एकच फोन. तो सकाळी बापासोबत वावरात जातो, कापूस वेचणीच्या दिवसांत रात्रीच परत येतो. रिचार्ज संपला की तेही नाही. प्रश्न खरा आहे, पण मोबाइल नसला म्हणून अडत नाही. एका टीव्हीवर व्हिडिओ लावून बाई रिमोटनं थांबवू शकतात. लेकरांनी पाटीवर उत्तर लिहायचं, "तीन" म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. एका नजरेत वर्ग दिसतो. नुसते हात वर करायला लावले तर हुशार पोराकडं बघून बाकीचे हात वर जातात, म्हणून पाटी बरी. आणखी एक सोय आहे, प्लिकर्स नावाची. त्यात प्रत्येक लेकराला चौकोनी नक्षीचं कागदी कार्ड मिळतं. कार्डाची जी बाजू वर धरावी ते त्याचं उत्तर. शिक्षिका स्वतःचा एकच मोबाइल वर्गावरून फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते नोंदलं जातं. शेजारच्याला कार्ड बघून उत्तर ओळखता येत नाही, त्यामुळं नक्कल बंद आणि लाजही नाही.

द्विशिक्षकी शाळेत तर याचा वेगळाच फायदा. दोन शिक्षक आणि चार वर्ग. बाई पहिली-दुसरीला वाचायला शिकवतात तोवर तिसरी-चौथी व्हिडिओ बघते. मध्ये प्रश्न असले आणि लेकरांनी उत्तरं वहीत लिहिली, तर वीस मिनिटांनी बाई आल्यावर त्यांच्या हाती काहीतरी असतं. प्रश्न नसले तर तो व्हिडिओ म्हणजे लेकरं गप्प ठेवायची सोय.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गाठ आहे, ती भाषेची. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजीकडच्या पोडांवर घरात कोलामी बोलतात. पुसद, दिग्रसकडच्या तांड्यांवर गोरमाटी. कोलामी तर गोंडी-तेलुगूच्या कुळातली, मराठीशी तिचं नातंच नाही. अशा घरातून पहिलीत आलेल्या लेकराचं उत्तर चुकलं तर आधी बघावं लागतं की गणित अडलं की शब्द अडला. "अधिक" हा शब्दच कळला नसेल तर बेरीज येत असूनही उत्तर चुकतं. मोबाइलच्या तक्त्यात दोन्ही चुका सारख्याच लाल दिसतात. हा फरक फक्त माणूस करू शकतो, बाई करू शकतात, आणि आई तर नक्कीच.

करोनाच्या काळात शाळा बंद होत्या तेव्हा राज्यात 'स्वाध्याय' नावाचा उपक्रम चालला. २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाला. आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न यायचे आणि मुलं उत्तरं द्यायची. शिक्षक-मुलांची भेटच नव्हती, त्या दिवसांत हा मोठा आधार होता. पण घरात काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. दादानं बटण दाबलं की धाकट्याचे दहापैकी दहा. म्हणून आमचं म्हणणं असं, की घरून आलेल्या गुणांवर फार विसंबू नये. उत्तरानंतर शिक्षक काय करतात ते महत्त्वाचं. बारा लेकरांपैकी नऊ चुकली तर पाठ परत घ्यायचा, वेगळ्या तऱ्हेनं. दोन चुकली तर त्या दोघांना जवळ बसवायचं. आणि चुकलेल्यांची नावं वर्गात मोठ्यानं वाचायची नाहीत. एकदा हसू झालं की ते लेकरू पुढच्या वेळी अंदाजानं बटण दाबतं, आणि मग तक्ता खोटं बोलायला लागतो.

हे वेळेवर कळणं आता जास्तच गरजेचं झालं आहे. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुन्हा एक संधी, तीही गेली तर त्याच वर्गात परत. तिसरीतला भागाकार कोणाच्या ध्यानात न येता अडून राहिला तर तो पाचवीच्या निकालात उघडा पडतो. आणि पोरगी एक वर्ष मागं पडली की "आता राहू दे, वेचायला येईल" हे वाक्य कोणत्या घरात निघतं ते आम्ही सांगायला नको.

मग आपण काय करायचं? २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगाव माता गट झाले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर छोटे व्हिडिओ यायचे, आयडिया कार्ड मिळायचे आणि आया लेकरांकडून कृती करून घ्यायच्या. त्यातल्या कितीतरी जणी फारशा शिकलेल्या नव्हत्या. ती सवय मोडू देऊ नका. लेकरू फोनवर धडा बघत असेल तर दोन-तीन मिनिटांनी बोट लावून थांबवा आणि म्हणा, "काय सांगितलं त्यांनी? मला सांग बरं." आपल्या घरच्या बोलीत सांगू द्या. चुकलं तर लगेच दुरुस्त करायची घाई नको, "असं का वाटलं तुला?" एवढंच विचारा. तुम्हाला स्वतःला उत्तर माहीत नसलं तरी चालतं. उलट बरंच, तुम्हाला समजावताना त्याला आपलीच अडचण सापडते.

दुसरी जागा शाळा व्यवस्थापन समितीची. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत पाऊणशे टक्के पालक असतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. तुमच्या गटातली कोणी ना कोणी तिथं आहेच. सही करून परत येण्याऐवजी बैठकीत विचारा, टीव्हीवर धडा लागतो तेव्हा मध्ये थांबवून विचारता का? मुलं कुठं अडली ते कसं कळतं? आवाज चढवायचं काम नाही. बाईंच्या अंगावर किती कामं असतात ते आपण बघतोच. पाट्या कमी असतील तर गटानं आणून द्याव्या, कार्डाची छपाई करून द्यावी, खर्च फार नाही.

आणि रिचार्जचं म्हणाल तर दीक्षावरचा धडा शाळेत किंवा ग्रामपंचायतीत नेट असेल तिथं उतरवून घेता येतो. मग घरी नेट नसलं तरी चालतो. त्यासाठी अ‍ॅप उघडून धड्याच्या पानावरचं डाउनलोडचं बटण दाबायचं. पुढच्या बैठकीला चौथीचं गणिताचं पुस्तक आणि एक फोन घेऊन या, सगळ्या मिळून करून बघू.